जाळं भिंतीवर, कोळी बांधावर

दिवाळीच्या साफसफाईत कुंच्याला गुंडाळून जी जळमटं खाली येतात, ती बहुतेक काटकुळ्या, लांब पायांच्या घरकोळ्यांची असतात. छताच्या कोपऱ्यात, माळ्यावर, कपाटामागे हे कोळी वेडेवाकडे धागे टाकत राहतात. त्यावर धूळ बसते, काजळी बसते आणि जळमट तयार होतं. त्याला ना मध्य असतो ना कड. चित्रात काढतात तसं गोल, आरे असलेलं जाळं विणणारे कोळी घरात सहसा राहत नाहीत. ते असतात कुंपणावर, शेताच्या बांधावर, ओढ्याकाठच्या झुडपांत, गावाबाहेरच्या दिव्याच्या खांबावर. त्यांचा हंगामही दिवाळीचाच. पावसाळाभर किडे खाऊन वाढलेल्या माद्या आश्विन-कार्तिकाच्या सुमारास पूर्ण वाढीच्या होतात, त्यांची जाळी मोठी असतात आणि पाऊस ओसरल्यामुळे ती नजरेलाही पडतात.

हे गोल जाळं काचेच्या चौकटीत घालून जपता येतं. निसर्गातला नमुना जपायचा म्हटला की बहुधा कुणाचा तरी जीव जातो. फुलपाखराला टाचणी टोचावी लागते, पक्ष्यात पेंढा भरावा लागतो, बेडूक फॉर्मलिनच्या बरणीत जातो. कोळ्याचं जाळं हा यातला मोठा अपवाद. ते उचललं तरी विणणारी जिवंत राहते आणि पुढच्या रात्री नवं विणते. शिवाय त्या जाळ्यात तिच्याविषयीची जितकी माहिती असते, तितकी तिच्या वाळलेल्या देहातही नसते.

घाटघर ते जामखेड

अशी जाळी पाहायला नगर जिल्हा घेऊ. हा जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा: 17,048 चौरस किलोमीटर. पश्चिम टोकाला अकोले तालुका. तिथे 1,646 मीटर उंचीचं कळसूबाई, भंडारदऱ्याचं धरण आणि धो धो पावसासाठी ओळखलं जाणारं घाटघर. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेड. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. एका टोकाला भाताची खाचरं, दुसऱ्या टोकाला रेहेकुरीच्या काळविटांचा कोरडा माळ. हवामान बदलतं तसे कोळीही बदलतात आणि जाळ्याची घडणही.

भंडारदरा, रतनवाडी या भागात पावसाळ्याच्या अखेरीस झाडांमधल्या मोकळ्या जागेत एक भलंमोठं जाळं आडवं येतं. उन्हात त्याचे धागे पिवळसर सोनेरी चमकतात. ट्रेकर मंडळी या कोळ्याला ‘जायंट वुड स्पायडर’ म्हणतात. शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस. मादीचं नुसतं शरीर तीन ते पाच सेंटिमीटर, पाय पसरले की तळहात झाकला जाईल एवढी. नर मात्र अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. तो जाळ्याच्या कडेला बसलेला असतो आणि पाहणाऱ्याला तो तिचं पिल्लू वाटतो. जाळ्याचा व्यास मीटरभर, कधी त्याहूनही जास्त. त्यात आणखी काही चंदेरी ठिपके हलताना दिसले तर ते आर्गायरोडिस नावाचे चोर कोळी. स्वतःची शिकार करण्याऐवजी ते घरमालकिणीच्या जाळ्यातले बारके किडे पळवतात.

घाट उतरून शेतांकडे आलं की दुसरी मंडळी भेटतात. भाताच्या खाचरात पाण्याच्या वर आडवी, नाजूक जाळी असतात. ती लांब जबड्याच्या टेट्राग्नाथा कोळ्यांची. धोका वाटला की हा कोळी चार पाय पुढे, चार मागे ताणून पात्याला चिकटतो आणि दिसेनासा होतो. कुंपणावर, तुरीच्या कडेला, बोरीच्या झुडपात दिसतो तो सही कोळी, आर्जिओपी. जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून, पायांच्या जोड्या जुळवून तो फुलीसारखा बसतो. त्याच्या पायांच्या रेषेत जाळ्यावर पांढऱ्या रेशमाची नागमोडी वीण असते; तीच त्याची ‘सही’. झाडीच्या वाटेवर काटेरी कोळी, गॅस्टरॅकँथा, भेटतो. त्याचं पोट कडक, चपटं, पट्ट्यापट्ट्यांचं आणि कडेला सहा काटे. त्याच्या जाळ्याच्या बाहेरच्या धाग्यांवर ठरावीक अंतराने रेशमाचे पांढरे गोंडे असतात.

कोरड्या भागात घायपात आणि निवडुंगाच्या कुंपणांवर तंबूसारखी जाळी एकमेकांना लागून दाटीने असतात. ती सिर्टोफोरा कोळ्यांची. दिसायला तंबू असला, तरी त्याच्या आत बारीक विणीचं एक आडवं चक्रच असतं. फरक एवढाच की त्याला चिकटपणा नसतो. वरच्या गुंत्यात धडकून किडा खाली पडतो आणि चक्राखाली उलटा लटकलेला कोळी त्याला धरतो. असं जाळं रोज मोडून नव्याने विणत नाहीत. ते दिवसेंदिवस डागडुजी करून वापरतात. सूर्य मावळल्यावर दिव्यांच्या आसपास कामाला लागतो तो निओस्कोना. अंधार पडताना विणायला घेतो, रात्रभर शिकार करतो आणि त्यातल्या अनेक जाती उजाडायच्या आत जाळं गुंडाळून खाऊन टाकतात.

यांपैकी एकाही कोळ्याच्या विषाने माणसाचा जीव धोक्यात येत नाही. कोळी अंगावरून गेला की पुरळ उठते, हा समज गावोगावी आहे. पावसाळ्यात रात्री उठणारे तसे चट्टे पुष्कळदा पीडेरस नावाचा बारीक भुंगेरा अंगावर चिरडल्यामुळे आलेले असतात. शेतीच्या सल्ल्यात ढालकिडा आणि क्रायसोपा यांच्या जोडीने कोळ्यालाही मित्रकीटकांत धरतात, आठ पायांचा असल्यामुळे तो कीटक नसला तरी. वांग्यावरचा ‘लाल कोळी’ मात्र वेगळा. ती पानातला रस शोषणारी सूक्ष्म माइट. ती जाळी करते, पण चक्र विणत नाही. तिच्यासाठी मारलेल्या फवाऱ्यात अनेकदा बांधावरचे खरे कोळीही मरतात.

एका जाळ्याची कहाणी

चक्रजाळ्याची सुरुवात वाऱ्यावर होते. कोळी उंच जागी बसून एक हलका धागा सोडतो. वाऱ्याने तो समोरच्या फांदीला अडकला की झाला पूल. त्यावरून ये-जा करून तो धागा पक्का केला जातो, मग त्याच्या मध्यातून एक धागा खाली ओढून इंग्रजी ‘वाय’ अक्षराचा आकार येतो. या तीन फाट्यांचा सांधा म्हणजेच पुढचा मध्य. मग चौकटीचे धागे, मग मध्यातून निघणारे आरे. आरे पुरे झाले की कोळी मध्यापासून बाहेर एक विरळ, कोरडी फिरकी टाकतो. ती तात्पुरती असते, पायाखालच्या परांचीचं काम करते. शेवटी तो बाहेरच्या कडेकडून आत येत दाट, चिकट फिरकी बसवतो आणि येता येता ती कोरडी फिरकी कापत, काढून घेत जातो. हे सगळं पुष्कळ जातींत तासाभरात उरकतं. नजरेचा यात फारसा उपयोग नाही. आठ डोळे असूनही या कोळ्यांना नीटसं दिसत नाही. पायांनी अंतर मोजत आणि धाग्याचा ताण जाणून काम चालतं.

एकच कोळी पोटातल्या वेगवेगळ्या ग्रंथींतून वेगवेगळे धागे काढतो. चक्रजाळं विणणाऱ्या माद्यांत अशा ग्रंथींचे सात प्रकार असतात. चौकटीचा आणि आऱ्यांचा धागा दणकट, कमी ताणला जाणारा. फिरकीचा धागा लवचीक. आपल्या लांबीच्या दुपटी-तिपटीने ताणला जातो आणि धडकलेल्या किड्याचा वेग जिरवतो. त्यावर गोंदाचे सूक्ष्म थेंब ओळीने असतात. हा गोंद हवेतला ओलावा शोषून ओला राहतो. भक्ष्याला गुंडाळायला वेगळं रेशीम, अंड्यांच्या थैलीला वेगळं, फांदीला धागा चिकटवायला आणखी वेगळं. युरोपातल्या बागेतल्या कोळ्याच्या एका जाळ्यात वीस मीटरहून अधिक धागा निघतो आणि त्या सगळ्याचं वजन मात्र अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत भरतं.

मुंडकोपनिषदात ऊर्णनाभीचा, म्हणजे कोळ्याचा, दृष्टान्त आहे: तो धागा बाहेर काढतो आणि परत आत घेतो. तिथे विषय सृष्टीच्या उत्पत्तीचा आहे, पण निरीक्षण अचूक आहे. डेव्हिड पीकॉल या शास्त्रज्ञाने रेशमाला किरणोत्सारी खूण करून कोळ्यांना त्यांचंच जाळं खाऊ दिलं. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून दिसलं की खाल्लेल्या रेशमातली बहुतेक प्रथिनं लगेच पुढच्या जाळ्यात परत येतात. म्हणून जाळं उचलण्याचा हिशेबही नीट मांडायला हवा. कोळी मरत नाही, पण त्याची एका रात्रीची पुंजी जाते. भरपूर किडे मिळणाऱ्या मोसमात ती भरून निघते. त्याच कोळ्याचं जाळं रोज उचललं तर निघणार नाही.

चौकटीतल्या जाळ्यांचा इतिहास

जाळ्याला चौकटीत बसवण्याची हौस जुनी आहे. आल्प्स पर्वतातल्या टिरोल प्रांतात काही शतकांपूर्वी कोळ्यांच्या जाळ्यांवर चित्रं काढत. ती गोल जाळी नव्हती, चादरीसारखी दाट होती. त्यांचे थर पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणायचे, पाणी घातलेल्या दुधाचा हात देऊन घट्ट करायचे आणि वर जलरंगांनी संतांची चित्रं रंगवायची. इंग्लंडमधल्या चेस्टर कॅथिड्रलमध्ये मेरी आणि बाळ येशूचं असं एक चित्र आजही पाहायला मिळतं. तिथे जाळं हा नुसता कॅनव्हास होता. जाळं हेच चित्र मानलं ते अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात. विल्यम्सटाउन गावी विल नाइट यांनी 1970च्या दशकात आपल्या जागेत रिकाम्या लाकडी चौकटी टांगल्या. कोळी आपणहून त्यांत विणत. मग ते जाळ्यावर पांढरा रंग फवारत, रंगवलेल्या लाकडी फळीवर ते उचलून घेत आणि वरून लाखेचा हात देऊन विकत. कोळी राहत तिथेच.

प्रयोगशाळेत चौकट आली ती वेगळ्या गरजेतून. 1948 साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये प्राणिशास्त्रज्ञ हान्स पीटर्स यांना जाळं विणतानाचं चित्रण करायचं होतं आणि कोळी पहाटेच्या आधीच काम उरकून मोकळे व्हायचे. ही वेळ पुढे ढकलता यावी म्हणून औषधशास्त्रज्ञ पीटर विट यांनी कोळ्यांना उत्तेजक औषध दिलं. वेळ बदलली नाही, जाळं बदललं. पुढे वेगवेगळ्या औषधांची जाळी तुलनेला आली. कॅफिनचं जाळं तर भलतंच विस्कटलेलं. अशा अभ्यासात जाळ्यावर पांढरा रंग फवारून काळ्या पार्श्वभूमीवर त्याचा फोटो घेत आणि मग आरे, अंतरं, कोन मोजत.

1973 साली ज्युडिथ माइल्स या अमेरिकन शाळकरी मुलीच्या कल्पनेवरून अराबेला आणि अनिता हे दोन कोळी स्कायलॅब अंतराळस्थानकात गेले. अराबेलाचं पहिलं जाळं वेडंवाकडं झालं. नंतरची पृथ्वीवरल्यासारखी जमली. पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरही सोनेरी कोळी नेले. 2020 साली त्याचा निष्कर्ष आला: गुरुत्वाकर्षण नसताना दिवा लागलेला असेल तर कोळी उजेडाची बाजू ‘वर’ धरतो आणि त्याप्रमाणे जाळं विणतो.

कोळ्यांच्या सोनेरी रेशमाची एक खर्चिक वस्तू मादागास्करमध्ये झाली. सायमन पीअर्स आणि निकोलस गॉडली यांनी तिथल्या सोनेरी कोळ्यांच्या माद्या पकडून त्यांचा धागा ओढून घेतला आणि त्यांना सोडून दिलं. दहा लाखांहून अधिक कोळ्यांच्या रेशमाचं, रंग न दिलेलं सोनेरी वस्त्र 2009 साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयात मांडलं गेलं. 2012 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तशाच रेशमाची केप आली. भंडारदऱ्याच्या नेफिलाची ही मादागास्करवाली जवळची नातेवाईक.

जाळं उचलायचं कसं

साहित्य साधं आहे: काळा जाड कार्डशीट, पांढऱ्या स्प्रे पेंटचा डबा, कागदाला मारायचा चिकट स्प्रे, बारीक कात्री. वारा पडलेला हवा आणि जाळं कोरडं हवं. दवाने भिजलेलं जाळं फोटोत सुरेख दिसतं, पण कागदावर घेताना त्याच्या धाग्यांचे गोळे होतात. म्हणून सकाळी ऊन लागून दव उडून गेल्यावरची वेळ चांगली.

आधी कोळी बाजूला. सही कोळी दिवसभर जाळ्यावरच असतो. काडीने हळूच स्पर्श केला की तो धाग्यावरून खाली उतरतो किंवा कडेला पळतो. तो पानाआड गेल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये. मग हातभर अंतरावरून, तिरक्या कोनातून, दोन्ही बाजूंनी हलके फवारे. जवळून मारलं तर रंगाच्या वजनाने फिरकी ओघळते आणि शेजारच्या दोन ओळी एकमेकींना चिकटतात. रंग वाळला की कार्डाला चिकट स्प्रे मारायचा, कार्ड जाळ्याच्या मागून आणायचं आणि मध्य व चारी बाजू एकदम टेकतील अशा बेताने एकाच हालचालीत पुढे घ्यायचं. कार्ड तिरकं टेकलं की जाळं सुरकुततं आणि मग दुरुस्ती नाही. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी बाहेरचे ताणधागे कापायचे. वर काच, मागे पुठ्ठा. काचेचा धाग्यांना स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये पट्टी घालायची.

रंग नको असेल तर टाल्कम पावडर. तळहातावर चिमूटभर घेऊन जाळ्याच्या दिशेने फुंकली की एक गंमत दिसते. चिकट फिरकी पांढरीशुभ्र होते, आरे मात्र पुसट राहतात, कारण त्यांना गोंद नसतो. घायपातीवरच्या सिर्टोफोराच्या जाळ्यावर तीच पावडर फारशी टिकत नाही. कुठलं जाळं चिकट आणि कुठलं कोरडं, हे एका फुंकरीत कळतं.

चौकट भिंतीवर लागली की ती वाचता यायला हवी. पहिलं म्हणजे वर-खाली. उभ्या जाळ्याचा मध्य खऱ्या मध्यापेक्षा बहुधा वर असतो आणि खालचा भाग मोठा असतो. कोळी डोकं खाली करून बसतो आणि त्याला वर चढण्यापेक्षा खाली धावणं सोपं पडतं, म्हणून सापळा खाली जास्त पसरवलेला. चौकट उलटी टांगली तर जाणकाराच्या लगेच लक्षात येईल. दुसरं म्हणजे मध्य. सही कोळ्याच्या जाळ्यात तो विणून बंद केलेला असतो. टेट्राग्नाथाच्या जाळ्यात कोळी मधले धागे चावून काढतो, त्यामुळे तिथे भोक असतं. तिसरं म्हणजे फाटलेल्या जागा. जिथे फिरकी तुटून आरे उघडे पडलेत, तिथे त्या रात्री काहीतरी धडकलं होतं.

सहीची नागमोडी वीण मात्र वाचायला अवघड. ती अतिनील किरण परावर्तित करून किड्यांना ओढते असं काही प्रयोग सांगतात. ती पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून असते असं दुसरे सांगतात. वाद मिटलेला नाही. शेजारशेजारच्या दोन जाळ्यांत, कधी त्याच कोळ्याच्या दोन दिवसांच्या जाळ्यांत, ही सही वेगवेगळी असते: कधी चारी हात, कधी दोन, कधी काहीच नाही. चौकटी जमवणाऱ्याला यातच खरं काम आहे.

मेलेला कोळी काचेत नको

बाजारात काचेच्या पेटीत पाय पसरून बसवलेले मोठे सोनेरी कोळीही विकत मिळतात. शोभेला ते झकास दिसतात, अभ्यासाला त्यांचा उपयोग थोडा. कोळ्याचं पोट मऊ असतं. नुसतं वाळवलं की ते सुरकुतून आत बसतं. म्हणून संग्रहालयं कोळी टाचणीवर लावत नाहीत, सत्तर टक्क्यांच्या आसपासच्या अल्कोहोलमध्ये ठेवतात, आणि तिथेही रंग हळूहळू उडतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातल्या केंद्रात काम केलेले बी. के. टिकादर यांनी 1982 साली चक्रजाळं विणणाऱ्या भारतीय कोळ्यांवर ‘फॉना ऑफ इंडिया’चा खंड लिहिला, तो अशाच बरण्यांतल्या नमुन्यांच्या बळावर. जात ठरवायची तर सूक्ष्मदर्शकाखाली देह लागतो, हे खरं. पण घराच्या भिंतीला त्याची गरज नाही. पेटीतल्या मेलेल्या मादीबरोबर तिची शेकडो अंडीही गेलेली असतात आणि ती कुठल्या रानात, किती उंचीवर, कसं विणत होती, हे पेटी सांगत नाही.

जाळ्याच्या चौकटीने ते सांगावं म्हणून मागे चिठ्ठी हवीच: तारीख, गाव, झुडूप कोणतं, जमिनीपासून उंची, जाळ्याचा व्यास, आणि कोळ्याचा पाठीकडून व पोटाकडून काढलेला फोटो. चिठ्ठी नसेल तर ती शोभेची वस्तू. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि रेहेकुरी ही अभयारण्यं आहेत. तिथून काही उचलायचं तर वनखात्याची परवानगी लागते, म्हणून तिथे फक्त फोटो. बाकी बांध, कुंपण, शाळेचं आवार आपलंच आहे. अंड्यांच्या थैल्यांना कुठेच हात लावायचा नाही.

शाळांना याहून सोपी वाट आहे, ती व्हरमाँटची. हातभर लांबी-रुंदीच्या रिकाम्या लाकडी चौकटी सप्टेंबरमध्येच कुंपणाच्या झुडपांत, जिथे कोळी आधीपासून आहेत तिथे बांधून ठेवायच्या. काहींत विणलं जाईल, काही रिकाम्या राहतील. त्याचीही नोंद ठेवायची. जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. अकोल्याच्या ओल्या हवेतलं आणि जामखेडच्या कोरड्या हवेतलं सही कोळ्याचं जाळं शेजारी ठेवून आरे मोजले, फिरकीतलं अंतर पट्टीने मोजलं, तर विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलच्या ज्वालामुखीपेक्षा सांगण्यासारखं पुष्कळ निघेल, आणि त्यासाठी एकही कोळी मारावा लागणार नाही.